दोनशे आठ जोड्या

मंदाकिनीला दोन ठिकाणांहून नकार आला होता तो चष्म्यापायी. उणे साडेनऊ नंबर. चष्मा काढला की समोरच्या माणसाचं नाक कुठं आणि कान कुठं, तेही तिला उमजायचं नाही. तिसऱ्या खेपेला मनोहर कुंभोजकर तिला बघायला इचलकरंजीला आले. विमा कंपनीत नुकतेच चिकटले होते. पोहे खाता खाता त्यांनी विचारलं, "वाचायला त्रास होतो का हो?"

ती म्हणाली, "वाचताना मी चष्मा काढून ठेवते. लांबचं दिसत नाही, पण जवळचं तुमच्यापेक्षा जास्त दिसतं."

मनोहरना हे उत्तर इतकं आवडलं, की घरी जाऊन कळवतो वगैरे काही न म्हणता त्यांनी तिथंच होकार देऊन टाकला.

विमा कंपनीची नोकरी म्हणजे बदलीची नोकरी. नांदेड, रायपूर, बडोदा, रांची, भोपाळ. दर तीन-चार वर्षांनी संसार खोक्यांत भरायचा आणि नव्या गावात सोडवायचा. प्रत्येक गावात मंदाकिनीने काहीतरी काम धरलं आणि हात बसतोय तोवर ते सोडावं लागलं. रायपूरला बालवाडी, बडोद्याला शिवणाचा वर्ग, भोपाळला एका प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या बघायचं काम. हे शेवटचं तिला फार मानवलं होतं, पण आठ महिन्यांत बदलीचा कागद आला. २००४ साली ती जयपूरला आली तेव्हा बेचाळिशीत होती. सोडाल्याला भाड्याचं घर मिळालं. दोन वर्षांनी मुलगा परीक्षित शिकायला पुण्याला गेला, आणि दुपारी घरात फ्रीजची घरघर तेवढी ऐकू यायला लागली.

नोकरी मिळाली ती गणपतीत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला अभिजित नावाचा एक इंजिनिअर मुलगा जेवायला यायचा. मूळचा नाशिकचा, गोपालपुऱ्याला खोली घेऊन राहणारा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीत इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. पंगतीत तो कुणाला तरी सांगत होता, की त्यांच्याकडे तपासणीला माणूस टिकत नाही. दिवसभर लोखंडाचे तुकडे बघत बसायचं, लोक कंटाळतात.

वाढता वाढता मंदाकिनी थांबली. "मला बघू देतील का?"

"काकू, तुम्ही?" अभिजितने तिच्या चष्म्याकडे बघितलं आणि पुढचं गिळलं.

कारखान्याच्या मॅनेजरनेही चष्म्याकडेच बघितलं. राठौडसाहेब म्हणून होते, कमी बोलणारे. त्यांनी टेबलावर पाच तुकडे ठेवले आणि म्हणाले, यातल्या एकाला तडा गेलाय, शोधा. मंदाकिनीने चष्मा काढला, एकेक तुकडा डोळ्यांपासून चार बोटांवर धरून फिरवला आणि दोन तुकडे बाजूला काढले. साहेब म्हणाले, तडा एकालाच आहे. ती म्हणाली, दोघांना आहे. त्यांनी दुसरा तुकडा तपासायला पाठवला. तासाभराने निरोप आला, की बाईंना सोमवारपासून यायला सांगा.

त्या कारखान्यात कनेक्टिंग रॉड बनत. इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि त्याच्याखालचा दांडा गोल फिरतो. या दोघांना जोडणारा हा वीतभर पोलादी हात. त्याच्या खालच्या टोकाला एक जाड कडं असतं. ते फिरत्या दांड्याभोवती बसवायचं, तर मधोमध उघडायला हवं. म्हणून कड्याचे दोन भाग करतात. एक भाग रॉडलाच राहतो, दुसरा अर्धगोल सुटा होतो, त्याला कॅप म्हणतात. दांड्याभोवती बसवून दोन बोल्टांनी दोन्ही पुन्हा आवळले की कडं पूर्ण होतं.

पूर्वी हे कडं करवतीने कापत. कापलेली तोंडं घासून गुळगुळीत करत आणि कुठली कॅप कुठल्या रॉडची हे कळावं म्हणून दोन्हींवर एकच नंबर ठोकत. २००७च्या नोव्हेंबरात नवं यंत्र आलं आणि कापणं बंद झालं. आता कडं चक्क मोडायचं. आतल्या बाजूला लेसरने समोरासमोर दोन बारीक खाचा पाडायच्या, आतून पाचर घुसवून एकदम ताण द्यायचा, की सुपारी फुटावी तसा टक्क आवाज होऊन कड्याची दोन शकलं होत. मोडलेली तोंडं खडबडीत असायची, आणि त्या खडबडीतपणातच सगळी खुबी होती. इथला उंचवटा तिथल्या खोलगटात जाऊन बसायचा. गुळाचा खडा फोडून लगेच परत जुळवला तर सांध्याची रेघही दिसू नये, तसं. त्या रॉडला जगात ती एकच कॅप चालणार, शेजारची चालणार नाही. मोडल्यावर अर्ध्या मिनिटात पुढचं यंत्र दोघांना बोल्ट आवळून टाकायचं, त्यामुळे नंबर घालायची गरज कुणाला वाटली नव्हती.

बारा जानेवारीला, शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला ते बोल्ट आवळायचं यंत्र बंद पडलं. कळेपर्यंत मागचं यंत्र आपलं काम करतच राहिलं होतं. आकड्यावर बघितलं तर दोनशे आठ रॉड मोडून तयार, आणि एकालाही बोल्ट नाही. अभिजितने ते ट्रेमध्ये नीट मांडून घेतले, प्रत्येक रॉडच्या शेजारी त्याची कॅप. दुरुस्तीवाला मंगळवारशिवाय येणार नव्हता. हरियाणातल्या एका इंजिन कंपनीला दोनशे रॉड चाचणीसाठी मंगळवारीच रवाना करायचे होते. अभिजित म्हणाला, सोमवारी सुट्टी असली तरी येऊन आपण हातानेच आवळू.

मंदाकिनीने एक रॉड उचलून बघितला. ताज्या मोडलेल्या तोंडावर तेलाचा अंश नव्हता. जयपूरच्या जानेवारीत पहाटे दव पडतं. दोन दिवसांत यांना गंज धरणार. धुलाईवर मीराबाई होती, तिला मंदाकिनीने हाक मारून सांगितलं, "मीराबाई, ये सब धोके तेल लगाके रख देना." आणि ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

मीराबाई आमेरच्या पलीकडच्या एका ढाणीवरून, म्हणजे शेतातल्या छोट्या वस्तीवरून, बसने यायची. अकरा वर्षं धुलाईवर होती, ठेकेदाराच्या हजेरीवर. नोव्हेंबरात नवं यंत्र आलं, सगळ्यांना त्याची माहिती दिली गेली, तेव्हा ती मुलीच्या लग्नासाठी रजेवर होती. परत आली त्यानंतर तिच्याकडे रॉड यायचे ते बोल्ट आवळूनच, त्यामुळे नवं-जुनं तिला काही कळायचं कारण नव्हतं. सुटे रॉड कसे धुवायचे हे तिला अकरा वर्षांपूर्वी शिकवलेलं होतं: रॉड एका जाळीत, कॅप दुसऱ्या जाळीत, म्हणजे एकमेकांवर आपटून ओरखडे पडत नाहीत.

साडेतीनला मंदाकिनी बघायला गेली. मीराबाई पदराला हात पुसत उभी होती. एका मोठ्या जाळीत रॉड, दुसरीत कॅप, सगळे तेलाने लखलखत होते.

"मीराबाई, इनकी जोडियाँ कहाँ हैं?"

"नंबर से लग जाएगी," मीराबाई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पर नंबर तो किसी पे मिला नहीं, भाभीजी. मिस्त्रीजी भूल गए क्या?"

मंदाकिनीने एक कॅप उचलली, चष्मा कपाळावर चढवून तिचं तोंड बघितलं आणि परत ठेवली. दोनशे आठ रॉड, दोनशे आठ कॅप, आणि कुणावर काहीच खूण नाही.

अभिजित आला, त्याने दोन्ही जाळ्या बघितल्या आणि तो पालथ्या खोक्यावर बसला. "काकू, भंगार झालं हे."

"जुळवता येणार नाहीत?"

"कशा जुळवणार? लावून बघायचं म्हटलं तर चुकीचं तोंड लागून पोलादाच्या कणांची टोकं मोडतात. मग खरी कॅप मिळाली तरी ती बसत नाही. एकदा चुकलं की दोन्ही गेले."

राठौडसाहेबांना फोन झाला. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, की मंगळवारी सकाळी मला टेबलावर रॉड हवेत, नाहीतर हे कुणी केलं त्याचा लेखी अहवाल.

अभिजितने फोन ठेवला. मंदाकिनी म्हणाली, "अहवालात माझं नाव घाल. धुवायला मी सांगितलं."

"तुमचं घालेन. पण ठेकेदार तिलाच काढणार, काकू. तुम्हालाही माहितीये."

त्या संध्याकाळी सोडाल्याच्या घरी पोळ्या लाटता लाटता तिने सगळं मनोहरना सांगितलं. ते ओट्याला टेकून ऐकत होते. तिचं सांगून झालं तशी तिने लाटणं ठेवलं आणि म्हणाली, "अहो, त्या बाईने मला विचारलं होतं का, की कसं धुवू? नाही विचारलं. कारण तिला येत होतं. आणि मी सांगितलं का? नाही सांगितलं. कारण मला वाटलं, हिला येतं."

मनोहर म्हणाले, "भोपाळला एका काचेवर तू किती पेशी मोजायचीस?"

"शंभर."

"आणि एकीसारखी दुसरी दिसायची का?"

"लोकांना दिसायची."

"मग उद्या जाऊन बघ तर खरं. नाही जमलं तर अहवाल आहेच."

"परवा संक्रांत आहे. संध्याकाळी हळदीकुंकवाला बारा जणी बोलावल्यात."

"त्यांना मी फोन करतो. रथसप्तमीपर्यंत चालतं ना तुमचं ते? मग झालं." आणि खरोखरच त्यांनी वही काढून बाराही बायकांना फोन केले. प्रत्येकीला कारण सांगताना 'कारखान्यात इमर्जन्सी आहे' असं इतक्या गंभीरपणे सांगितलं, की दोघींनी उलट फोन करून कुणाला लागलं-बिगलं नाही ना, अशी चौकशी केली.

मंदाकिनीला त्या रात्री झोप अशी लागलीच नाही.

रविवारी नऊला ती कारखान्यात पोचली. अभिजित आला होता, आणि दाराशी मीराबाईही बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. शनिवारी सगळ्यांचे चेहरे बघून ती काय समजायचं ते समजली होती.

"मेरा नाम कटेगा क्या?" तिने सरळ विचारलं.

"चूक माझी आहे, मीराबाई," मंदाकिनी हिंदीत म्हणाली. "मी तुला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. अहवालातही माझंच नाव घालायला सांगितलंय. आता आत चल, कामाला लागू."

उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीखाली चार टेबलं जोडली. मंदाकिनीला दिव्याचा उजेड नको होता. दिव्याने खोट्या सावल्या पडतात. पहिले दोन तास फक्त तेल काढण्यात गेले. मीराबाईने प्रत्येक तोंड स्वच्छ द्रावणात बुडवून हवेच्या झोताने कोरडं केलं, कापड लावू दिलं नाही, कारण कापडाचे तंतू अडकतात. हे तिचं तिनेच सांगितलं.

मग मंदाकिनी चष्मा काढून बसली. पहिले दहा रॉड तिने नुसते बघितले. प्रत्येक तोंड करड्या रंगाचं, साखरेसारखं चमकणारं. पहिल्यांदा सगळी सारखी वाटली. अर्ध्या तासाने वेगळी दिसायला लागली. भेग आतल्या खाचेपासून सुरू व्हायची तिथं सगळ्यांत सरळ असायची, पण बाहेरच्या कडेला पोचताना कधी वर चढायची, कधी खाली उतरायची, कधी तशीच जायची. रॉडकडे उंचवटा राहिला असेल, तर कॅपकडे तिथंच खोलगट असणार. आणि रॉड नि कॅप दोन्हींच्या एकाच बाजूला कारखान्याचं चिन्ह उठवलेलं होतं, म्हणजे डावी-उजवी बाजू चुकायचा प्रश्न नव्हता.

"अभिजित, डावीकडे तीन तऱ्हा, उजवीकडे तीन तऱ्हा. नऊ ढीग होतील. रॉडचे नऊ, कॅपचे नऊ. मग दोनशे आठांत शोधायचं नाही, वीस-पंचवीसांतच शोधायचं."

अभिजितने कागदाच्या नऊ चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. उंच-उंच, उंच-खोल असं तो लिहीत होता. मीराबाईने विचारलं, काय लिहिता? त्याने एक रॉड तिच्या हातात देऊन उंचवटा दाखवला. तिने तो उजेडाकडे धरला. "ये तो डूंगर है," ती म्हणाली. डूंगर म्हणजे डोंगर. "और उधर इसका नाला होगा." मग चिठ्ठ्यांवर तेच शब्द गेले आणि दोन दिवस कारखान्यात डूंगर आणि नाल्याचीच भाषा चालली.

नियम एकच होता. लावून बघायचं नाही. डोळ्याने शंभर टक्के खात्री झाली, की मगच हलकेच, एकदाच टेकवायचं. पहिली जोडी मिळायला चाळीस मिनिटं लागली. रॉडच्या डाव्या तोंडावर मधोमध एक बारीक चकाकतं टोक होतं, तांदळाच्या कणीएवढं. नेमकी तशीच खळी एका कॅपवर. उजवीकडची रेघ बघितली. तिसऱ्यांदा बघितली. मग मंदाकिनीने हलकेच कॅप रॉडवर ठेवली. ती बसली. म्हणजे तिने बसवली नाही, हातातून सुटून आपणच जागेवर गेली. सांध्यावरून नख फिरवलं, कुठं अडकलं नाही.

"एक," अभिजित म्हणाला.

दुपारी मनोहर स्कूटरवरून डबा घेऊन आले. आत यायला परवानगी नव्हती, म्हणून फाटकाशी पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसून राहिले. मंदाकिनी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

"किती झाल्या?"

"एकोणीस."

त्यांनी मनात हिशेब केला असणार. "मटार-बटाटा आहे. दोघांनाही दे. त्या मीराबाईंना आपलं तिखट चालतं का?"

दुपारनंतर वेग आला. प्रत्येक जोडी निघाली की ढीग एकाने कमी व्हायचा, आणि उरलेल्यांत शोधणं सोपं व्हायचं. मीराबाई आता नुसती कोरडं करून देत नव्हती. मधेच एखादी कॅप पुढे सरकवून म्हणायची, भाभीजी, ये देखो. पाचांतल्या चार वेळा ती बरोबर असायची. पाचला खिडकीतला उजेड मंदावला तसं मंदाकिनीने काम थांबवलं. एकाहत्तर जोड्या झाल्या होत्या. टेबलांवर त्या उभ्या होत्या, नुसत्या टेकवलेल्या, बोल्टांविना. चुकीची जोडी आवळली गेली तर ती कायमची खराब होणार, म्हणून सगळं जुळल्याशिवाय एकही आवळायचं नाही असं ठरलं होतं. अभिजितने खोलीला कुलूप घातलं.

सोमवारी संक्रांत. सकाळी बसने येताना मंदाकिनीला एकही गच्ची रिकामी दिसली नाही. कारखान्याच्या मागच्या वस्तीत गाणी लागली होती, पतंग कटला की एकच गिल्ला व्हायचा. आत तिघं बसले होते आणि बोलत नव्हते. मीराबाईने घरून तिळाचे लाडू आणि फीणी, म्हणजे तुपात तळलेल्या बारीक शेवया, आणली होती. मंदाकिनीने तिच्या हातावर तिळगूळ ठेवून 'गोड बोला' म्हटलं आणि त्याचा अर्थ सांगितला. मीराबाई म्हणाली, आमच्याकडे खाऊन झालं की बोलतच नाहीत, सगळे गच्चीवर जातात.

बारापर्यंत दीडशे झाल्या. दोनला एकशे नव्वद. शेवटच्या पंधरा-सोळा तर पत्त्यांच्या डावासारख्या भराभर सुटल्या. पावणेतीनला टेबलावर एक रॉड उरला आणि एक कॅप उरली.

अभिजित उठून उभा राहिला. मंदाकिनीने दोन्ही हातांत घेतले, चष्म्याविना डोळ्यांशी धरले, आणि तिचा चेहरा उतरला.

"ही याची नाही."

"नीट बघा, काकू."

"नीटच बघतेय. याच्या डावीकडे डूंगर आहे, आणि हिच्याही डावीकडे डूंगर आहे. डोंगरावर डोंगर कसा बसेल?"

शेवटची जोडी जुळत नाही, याचा अर्थ आधीच्यांत कुठंतरी एक चुकलीय. आणि एक चुकली, तर दोन चुकल्या, आणि कुठली चुकलीय ते कळायला मार्ग नाही. सगळ्या उघडायच्या, सगळ्या पुन्हा बघायच्या. मंदाकिनीने रॉड खाली ठेवला. तिला वाटलं, आपल्याला दिसतं दिसतं म्हणून आपण दोन दिवस या दोघांना फसवलं.

अभिजित डोकं धरून बसला. थोड्या वेळाने मंदाकिनी उठली, चष्मा लावला आणि काही सुचेना म्हणून टेबलावरच्या जोड्या मोजू लागली. एका ओळीत वीस. दहा ओळी. अकराव्या ओळीत सहा. तिने पुन्हा मोजल्या.

"अभिजित, या दोनशे सहा आहेत."

"आणि ही एक. दोनशे..." तो थांबला. "दोनशे सात?"

"यंत्राचा आकडा दोनशे आठ होता ना?"

त्याने वही काढून बघितलं. दोनशे आठच होता. एक रॉड आणि एक कॅप कमी होती, आणि दोन दिवसांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण जाळीतले रॉड कुणी मोजलेच नव्हते.

मीराबाई बोल्टांच्या डब्याजवळ बसली होती. ती म्हणाली, "लॅबवाले भैया ले गए थे. शनिच्चर को. नमूना."

"काय घेऊन गेला?"

"एक इसमें से, एक उसमें से." तिने दोन्ही जाळ्यांकडे बोट केलं.

अभिजितला लगेच उमगलं नाही. मंदाकिनीला मात्र एकदम उमगलं. "अरे, त्याने या जाळीतून कुठलाही एक रॉड उचलला आणि त्या जाळीतून कुठलीही एक कॅप. ती जोडी नव्हतीच. म्हणजे त्याने नेलेल्या रॉडची कॅप आपल्याकडे राहिली, आणि त्याने नेलेल्या कॅपचा रॉडही आपल्याकडे राहिला. ते दोघं एकमेकांचे कसे असतील? ते उरायलाच हवेत."

अभिजित पहारेकऱ्याकडून किल्ली आणायला पळाला. चाचणीची खोली अंगणापलीकडे होती. पाच मिनिटांत तो परत आला तेव्हा त्याच्या हातात एक कॅप होती आणि एका रॉडचे दोन तुकडे होते. कठीणपणा तपासायला रॉड मधोमध कापला होता, पण कड्याकडची तोंडं शाबूत होती.

मंदाकिनीने चष्मा काढला. आधी तिने लॅबमधली कॅप घेतली आणि टेबलावरच्या एकट्या रॉडशेजारी धरली. डावीकडे डूंगर, डावीकडे नाला. उजवीकडे सपाट, उजवीकडे सपाट, आणि काठाशी एक तिरकी पायरी दोन्हींवर. तिने कॅप टेकवली. बसली. मग तिने आपल्याकडची कॅप कापलेल्या रॉडच्या तुकड्यावर टेकवली. तीही बसली.

मागच्या वस्तीत कुणाचा तरी पतंग कटला होता, आरडाओरडा चालला होता. मंदाकिनीचा जीव भांड्यात पडला तो त्या आवाजात. तिने तोंडावर पदर धरला आणि थोडी रडली. मीराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि आपल्या ढुंढाडी बोलीत काहीतरी पुटपुटत राहिली. ते मंदाकिनीला समजलं नाही आणि विचारावंसंही वाटलं नाही.

फाटकाबाहेर मनोहर स्कूटरवर बसून मान वर करून पतंग बघत होते. तिला बघताच उतरले.

"जमलं," ती म्हणाली.

"सगळे?"

"एक कापलेला होता. बाकी सगळे."

"मग आता बस मागे. घरी चल." घरी आल्यावर ती चार वाजता जी पलंगावर आडवी झाली, ती जेवायलाही उठली नाही.

मंगळवारी पहाटे सहाला अभिजितने दोन माणसांना घेऊन बोल्ट आवळायला सुरुवात केली होती. आवळलेल्या प्रत्येक कड्याचा व्यास तो मापून घेत होता. जोडी चुकीची असेल तर कडं वाकडं होणार आणि मापाचा काटा ते सांगणार. मंदाकिनी आठला पोचली तेव्हा नव्वद झाले होते, काटा एकदाही बाहेर गेला नव्हता. ती त्याच्या मागे उभी राहून बघू लागली. एकशे सदतिसाव्याला काटा किंचित हलला. अभिजितने तो उघडला. सांध्यात एक केस अडकला होता, बहुधा त्याचाच. जोडी बरोबर होती, तरी तो रॉड त्याने बाजूलाच ठेवला. साडेदहाला शेवटचा झाला. दोनशे सहा चांगले, हवे होते दोनशे.

राठौडसाहेब आले. त्यांनी टेबलावरचे चार-पाच रॉड उचलून सांध्यावर नख फिरवलं, मापांचा कागद बघितला. "ये किसने मिलाए?"

"कुंभोजकर मॅडम और मीराबाई ने," अभिजित म्हणाला.

"अच्छा." त्यांनी हातातला रॉड खाली ठेवला. "इन पे नंबर डालने का कुछ करो," असं अभिजितला म्हणाले आणि निघून गेले. अहवालाचा विषय त्यांनी काढला नाही, पुढेही कधी काढला नाही. पंधरा दिवसांत, कडं मोडायच्या आधीच दोन्ही भागांवर बारीक ठिपक्यांनी नंबर घालायची सोय झाली. त्या कामावर पहिली बसली ती मीराबाई, आणि मंदाकिनीने या वेळी तिला सगळं सांगितलं: रॉड का मोडतात, कसा मोडतात, आणि मोडल्यावर काय करायचं नसतं. मीराबाईने मधे मधे इतके प्रश्न विचारले, की त्यातल्या दोनांची उत्तरं अभिजितला वाचून यावी लागली.

पण ते नंतर. त्या मंगळवारी अकरा वाजता मालाची गाडी फाटकाबाहेर पडली. थंडी होती, आणि माल चढवायच्या ओट्यावर छान ऊन आलं होतं. मंदाकिनी नि मीराबाई तिथं चहा घेऊन बसल्या. मीराबाई आपल्या मुलीच्या सासरचं काहीतरी सांगत होती, सासू तशी बरी आहे पण स्वयंपाकघर सोडत नाही असं. मंदाकिनी हं हं करत होती. मग तिचं हं हं थांबलं. चष्मा नाकावरून घसरला होता, पाठ भिंतीला टेकली होती, आणि ती बसल्या बसल्या झोपली होती.

मीराबाईने तिच्या हातातला कप अलगद काढून घेतला. अभिजित काहीतरी विचारायला आला, तर तिने ओठांवर बोट ठेवून त्याला परत पाठवलं.